पेव

बुधवारची प्रार्थना माझ्याकडे असते,
अठरा वर्षं झाली.
"हे कृपाळू पित्या"पासून "आमेन"पर्यंत
रस्ता इतका अंगवळणी, की जीभ एकटीच जाऊन येते,
मार्केट यार्डातून स्कूटर घरी येते तशी,
वर मी बसलेला, दुसऱ्याच हिशोबात.

मागे एकदा, आजारी, विधवा,
परगावी शिकायला गेलेली मुलं
यांच्यासाठी मागता मागता
पंधरा पोत्यांचा घोळ कुठे होता ते सापडलं.
आमेन सगळ्यांनी जोरात म्हटलं.
एस्तेरबाई म्हणाल्या, आज फार मनापासून केलीत.

पवित्र शास्त्रातली लाल फीत
यिर्मयाच्या मधोमध पडून आहे.
करुणानं धूळ पुसताना उचलली,
परत ठेवली, बरोब्बर तिथंच.
कागदावर तिचा वळ उठलाय.
करुणा काही बोलली नाही.

पाप केलं असतं तर बरं होतं.
त्याला निदान नाव असतं,
गुडघे टेकून रडता आलं असतं.
हे नुसतं साचलेलं.

बुधवारी सकाळी शेठजींनी हरिपूरला धाडलं,
जुनं पेव उघडायला.
पुरात बरीच गेली, हे उंचावरचं म्हणून राहिलं,
नऊ वर्षं मिटलेलं.
माती खरवडली, पाला ओढला, फरशी सरकवली.
खालून एक ऊन, शिळा श्वास वर आला.
मी वाकणार, तोच दस्तगीरनं दंड धरून मागं ओढलं.
"दिवाणजी, आधी दिवा."

दोरीला कंदील बांधून आत सोडला.
तीन हात. पाच. आठ.
विझला.
फडफडला नाही, भडकला नाही,
कुणी चिमटीत धरावा तसा.

"चुलता उतरला होता माझा,"
दस्तगीर दोरी गुंडाळत म्हणाला,
"बोलत बोलत गेला खाली.
मग बोलणं थांबलं."

"मग आता करायचं काय?"
"काय नाही. उघडं ठेवायचं."
आणि लांब जाऊन त्यानं विडी पेटवली.

चिंचेखाली बसलो, वही मांडीवर.
नऊ वर्षांत हळदीला कीड नाही.
बंद होती म्हणून टिकली.
मलाही हेच वाटलं होतं का,
झाकून ठेवलं की टिकेल?
पाळकसाहेबांना सांगितलं नाही, करुणाला नाही,
आणि ज्याला रोज हाक मारतो
त्याला तर मुळीच नाही.
पण मी काही हळद नव्हे.

संध्याकाळी उभा राहिलो.
"हे कृपाळू" म्हटलं, आणि पुढं जाईना.
"मला प्रार्थना येत नाही," म्हणालो.
"लई दिवस झाले. नुसता बोलतोय."

पंखा किरकिरत होता.
पेटीवरचा शमुवेल पट्ट्यांकडे बघत राहिला.
करुणाचं तोंड दिसत नव्हतं,
बोटाला गुंडाळलेला पदर तेवढा दिसत होता.
आमेन कुणी म्हटलं नाही.
मी खाली बसलो, कसा ते आठवत नाही.

मग एस्तेरबाई, ऐंशीच्या, बसल्या जागेवरून:
"मलाबी नाही. मालक गेल्यापासनं."
मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं.
बाकी शांतता,
पण दार उघडं असल्यासारखी.

घरी येताना करुणा स्कूटरवर मागे होती.
कोपऱ्यावर म्हणाली, "मला माहीत होतं."
आणि खांद्यावरचा हात तिनं काढला नाही.

गुरुवारी पुन्हा हरिपूर.
या वेळी दोरी माझ्या हातात.
पाच हात. आठ.
नवव्या हाताला ज्योत निळी, दाण्याएवढी,
गेली म्हणेपर्यंत
राहिली.

"उतरू?" मी विचारलं.
"आज नाही," दस्तगीर म्हणाला, वाकून बघत.
"पण जळतोय की.
सोडा, अजून सोडा."